झोपलेल्याला माफी लागत नाही

"उद्या मी प्रभुभोजनाला बसणार न्हाई," एवढं बोलून सलोमीबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थांबल्या.

मी गॅसवर बेदाणे उकळत ठेवले होते. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आणि त्यासाठीचा द्राक्षरस आदल्या दिवशी पाळकाच्या घरी होतो. बेदाणे उकळायचे, हाताने कुस्करायचे, पातळ फडक्यातून गाळायचे. पाळकाची बायको म्हणून काम माझं, पण सगळं करायच्या सलोमीबाई, आणि मी नुसती पळी हलवून मोठेपणा घ्यायची. मी साताऱ्याची. लग्न होऊन तासगावच्या पलीकडच्या या द्राक्षांच्या गावात आले, तोवर बेदाणा मला फक्त शिऱ्यात भेटला होता.

"का हो? पाळकसाहेबांचा उपदेश सोसेना की काय?" मी चेष्टेनं विचारलं. एरवी अशा बोलण्याची त्यांच्याकडून व्याजासकट परतफेड व्हायची. त्यांच्या जिभेला आमचे पंचही वचकून असत. आज त्या हसल्या नाहीत. पातेल्याकडे बघत म्हणाल्या, "ह्यो समीक्षाचा बेदाणा. ह्यो मी नासवलाय."

मी गॅस बारीक केला आणि त्यांना पाट दिला. त्या बसल्या नाहीत.

सलोमीबाई साठी ओलांडलेल्या. अंगाने काटकुळ्या, पण हात असे चपळ की बेदाणा निवडायला बसल्या की बाकीच्या बाया त्यांच्या शेजारी बसायला कुरकुरायच्या, कारण तुलना व्हायची. त्यांच्या नवऱ्याने शेताच्या एका कडेला द्राक्षांच्या काही ओळी लावल्या होत्या आणि त्यांतला पहिला बेदाणा चर्चच्या द्राक्षरसासाठी द्यायचा, असा त्या दोघांचा वर्षानुवर्षांचा नेम होता. नवरा गेला. मुलगा विट्याच्या एका गलाईवाल्याबरोबर सोनं गाळायच्या दुकानात केरळात गेला आणि तिकडचाच झाला; नाताळला आला तर आला. बाग एकट्या बाईच्याने होईना, म्हणून वेली तोडल्या. तरी सलोमीबाईंनी नेम मोडला नाही. ज्या शेडवर निवडायला जायच्या तिथून चांगला बेदाणा विकत घ्यायच्या आणि माझ्या ओट्यावर आणून ठेवायच्या.

घरचं माणूस म्हणून उरलं होतं ते दिराचं कुटुंब. दीर-जाऊ वारले होते. त्यांचा मुलगा आशिष आणि सून समीक्षा शेजारीच राहायचे. दोघं त्यांना मोठी आई म्हणायचे. त्यांची चिमुकली सृष्टी तर रात्री गोष्ट ऐकायला सलोमीबाईंच्याच अंथरुणात असायची. यंदा या दोघांनी हिंमत करून द्राक्षं बाजारात न विकता स्वतःचं शेड उभारलं आणि पहिल्यांदाच घरचा बेदाणा केला. जानेवारीत पंचांनी चर्चमध्ये जाहीर केलं की, यंदापासून प्रभुभोजनाचा बेदाणा आशिष देणार, सलोमीबाईंना आता विश्रांती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सलोमीबाईंनीही वाजवल्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही; उलट बाईंचे पैसे वाचतील म्हणून बरंच वाटलं.

मग मार्चात तो अवकाळी पाऊस झाला. त्या दिवशी सृष्टीचा कान फुटला म्हणून आशिष आणि समीक्षा तिला घेऊन मिरजेला दवाखान्यात गेले होते. जाताना मोठ्या आईला सांगून गेले, शेडवर लक्ष ठेवा, आभाळ आलं तर पडदे सोडा. बेदाण्याच्या शेडला चारी बाजूंनी प्लास्टिकचे पडदे असतात, वर गुंडाळून दोरीने बांधलेले. पाऊस आला की दोरी सोडायची, पडदा खाली येतो, झालं. सृष्टीलाही जमेल असं काम. पण पडदे सोडले गेले नाहीत, जाळ्यांवर वाळत घातलेला अर्धाअधिक माल भिजला आणि काळा पडला. सलोमीबाईंचा डोळा लागला होता, अंगात ताप होता, असं आम्हाला कळलं. त्या खरोखरच तापाने फणफणल्या होत्या. समीक्षाने स्वतःचं नुकसान बाजूला ठेवून त्यांचे पाय दाबले, पेज भरवली. मंडळींनी समीक्षाचं कौतुक केलं आणि सलोमीबाईंसाठी प्रार्थना केली. मीही केली.

आता उंबऱ्यात उभ्या राहून त्या सांगत होत्या की डोळा लागलाच नव्हता.

जतच्या अंगाने आभाळ भरून येताना त्यांनी पाहिलं होतं. वारा सुटला तेव्हा त्या शेडजवळच होत्या. उठल्या, पहिल्या पडद्याची गाठ सोडली. पडदा खाली यायला लागला. आणि मग त्यांनी तो परत वर ओढला आणि गाठ बांधली. त्यानंतर समोरच्या दगडावर बसून त्यांनी पाऊस जाळ्यांवर पडताना पाहिला. स्वतःही भिजल्या. ताप आला तो त्या भिजण्याचा. पाऊस थांबल्यावर उठून त्यांनी सगळे पडदे सोडले आणि लेकरं परत आल्यावर म्हणाल्या, डोळा लागला रं बाबा.

"चार दिस झालं, समीक्षा त्या काळ्या मालातनं चांगला दाणा निवडतीया," त्या म्हणाल्या. "चर्चसाठी. मला म्हणली, मोठी आई, तुमचा हात लागू द्या. मी बसले तिच्या शेजारी. न्हाई निवडवलं मला."

काही सुचलं नाही की मी नवऱ्याला हाक मारते, तशी तेव्हाही मारली. ते बाहेरच्या खोलीत रविवारच्या उपदेशाची तयारी करत होते. आले, ऐकलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. आमचे पाळकसाहेब मनाचे फार चांगले. कुणी चोरी कबूल केली तर ते आधी चोराला चहा विचारतील. त्यांनी बाईंना समजावलं की एकट्या माणसाला सैतान बरोबर गाठतो, नवऱ्याचं दुःख, मुलाचं तोंड दिसत नाही, त्यात तो टाळ्यांचा घाव, माणूस मुळातच दुबळा आहे. आणि हे सगळं खरंच होतं.

सलोमीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सैतान आला असंल, पाळकसाहेब. त्यो येतोच," त्या म्हणाल्या. "पर दोरी त्येच्या हातात न्हवती. दुबळी असते तर गाठ सोडवलीच नसती. मी सोडली आन परत बांधली."

"देव क्षमा करतो, सलोमीबाई."

"करतोच की. म्हणून तर आले. पर कशाची? डोळा लागला म्हणल्यावर काय माफ करायचं त्येनं? झोपलेल्या माणसाला माफी लागत न्हाई. ताप आला, डोकं फिरलं, सैतान आला, ह्ये सगळं माज्याकडनं काढून घेतलं तर माफी कुणाला मिळायची? सैतानाला?"

मी पातेल्यात पळी घातली आणि उगाच ढवळत राहिले. मग पाळकसाहेबांनी दुसरी बाजू मांडली, आणि ती मला जास्त पटली. आशिष तापट. बाईंना म्हातारपणी पाणी द्यायला तेच एक घर. झालं ते कुणाला माहीत नाही. सांगितल्याने बाईंचं मन हलकं होईल, पण त्या पोरांचं जड होईल, त्याचं काय? देवाजवळ कबूल करा आणि त्यांची दुप्पट सेवा करा, असं त्यांनी सुचवलं.

"मी बी त्येच ठरवलं हुतं," सलोमीबाई म्हणाल्या. "पर ती माजं पाय दाबती. मला वाटतं तिनं पाय दाबू नये. आन दाबलंच तर कुणाचं दाबतीया ते ठाऊक असून दाबावं."

शेवटी पाळकसाहेबांनी विचारलं, मी येऊ का बरोबर? बाईंनी मानेनंच नको म्हटलं. "तुमी आलासा की पाळकाच्या तोंडाकडं बघून त्येस्नी माफ करावंच लागंल. बाईस्नी न्येते."

म्हणजे माझ्या तोंडाकडे बघून कुणाला काही करावं लागणार नव्हतं. एरवी मला राग आला असता. त्या दिवशी मी गॅस बंद केला, चप्पल घातली आणि निघाले.

ऊन उतरलं होतं. आशिष अंगणात बसून शेडच्या फाटलेल्या जाळ्या शिवत होता. समीक्षा चुलीपुढे भाकरी थापत होती. मला बघून तिने बसायला चटई आणली, चहाचं आधण ठेवायला निघाली. सलोमीबाईंनी तिला थांबवलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. माझ्याकडे सांगितलं होतं त्याहून थोडक्यात. गाठ सोडली, परत बांधली, बसून बघितलं.

आशिष आधी हसला. "मोठी आई, ताप हुता तुला. कायबी डोक्यात घिऊन बसू नगस."

"ताप रातच्याला आला. तवा न्हवता."

"आगं, म्हातारं माणूस तू, वारं सुटलेलं, न्हाई सुधरलं तुला."

"लय चांगलं सुधरलं हुतं."

तो मोठ्या आईकडे बघत राहिला. त्याला कळायला वेळ लागला, आणि कळलं ते त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसलं की मी नजर वळवली. हातातली सुई त्याने जाळीतच टोचून ठेवली. "आई गेल्यावर तुलाच आई म्हणलं मी," एवढंच बोलून तो फाटकाबाहेर गेला. फटफटीचा आवाज पार शेताकडे जाईपर्यंत ऐकू येत राहिला.

समीक्षाने तव्यावरची भाकरी उलटली, भाजली, खाली काढली आणि तवा उतरवून ठेवला. मग तिने विचारलं, "कशापायी?"

"तुमचा बेदाणा घेणार म्हणून टाळ्या वाजल्या. मला सोसलं न्हाई."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच. दुसरं कायसुदिक न्हाई. तुमी माजं काय वाकडं केलं न्हवतं."

समीक्षा रडायला लागली. आवाज न करता, पदराचा बोळा तोंडाशी धरून. आतून सृष्टी आली आणि आजीला बघून धावली. समीक्षाने तिला मध्येच धरलं आणि घरात नेऊन ठेवलं. सलोमीबाईंनी पुढे केलेले हात तसेच मागे घेतले. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही आली होती, दोन्ही एकदमच.

परत बाहेर आली तेव्हा समीक्षाचे डोळे कोरडे होते. "मोठी आई, माफ कर म्हणायला आलाय न्हवं? आज न्हाई जमायचं मला. उद्याबी न्हाई. पाळकीणबाई आल्यात म्हणून तोंडदेखलं म्हणू?"

"नगं. तोंडदेखलं नगं."

"मग जावा आता."

"उपकार हायती तुजं," सलोमीबाई म्हणाल्या आणि फिरल्या.

वाटेत मला राहवेना. म्हटलं, तिने तुम्हाला घराबाहेर काढलं आणि तुम्ही तिचे उपकार कसले मानता? त्या चालता चालताच म्हणाल्या, "तिनं मला आजारी म्हणलं न्हाई, बाई. तुमी समदी मला आजारी म्हणत हुतासा. तिनं माणूस म्हणून इचारलं, कशापायी." त्यांचा आवाज हलका झाला होता, जसा ताप उतरल्यावर माणसाचा होतो. मी मात्र घरी जाऊन तो रस गाळला आणि रडले.

दुसऱ्या दिवशी सलोमीबाई बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसल्या. छोट्या पेल्यांचं तबक त्यांच्यापर्यंत आलं, त्यांनी ते न घेता पुढे दिलं. आमच्यात प्रभुभोजन सोडणं ही साधी गोष्ट नाही. कुणाशी भांडण आहे, मनात काही सल आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो आणि मग आठवडाभर बायकांना पुरेल एवढा विषय मिळतो. माना वळल्याच. पण मला धक्का बसला तो समीक्षाचा. ती तिसऱ्या ओळीत होती आणि तिनेही पेला घेतला नाही. माफ केलं नाही, तर घेऊ कशी, हा तिचा हिशेब. आशिष तर आलाच नव्हता. तबक रिकामं न होता परत आलं.

पुढचे आठवडे कठीण गेले. समीक्षा रस्त्यात दिसली की मान खाली घालून जायची. सृष्टी आजीच्या अंथरुणात यायची बंद झाली. गावाने तऱ्हेतऱ्हेचे तर्क केले, आणि कुणी सरळ विचारलं तर सलोमीबाई सरळ सांगायच्या, म्हणून ज्यांना मीठमसाला हवा होता त्यांची निराशा झाली. पाळकसाहेबांचा उपदेशही बदलला, हे मला जाणवत होतं. सैतान त्यात पूर्वीसारखाच यायचा, पण आता दारापर्यंतच. मी तसं म्हटलं तर ते हसले आणि म्हणाले, सलोमीबाईंनी त्याला आत येऊ दिलं नाही.

एप्रिलच्या अखेरीस खरड छाटणी लागली. द्राक्षं निघून गेली की वेली पार बोडक्या करतात, तेव्हाच पुढच्या वर्षीच्या काड्या फुटतात. गावभर माणसांची ओढाताण असते. एका संध्याकाळी समीक्षा सलोमीबाईंच्या दारात आली आणि म्हणाली, उद्या छाटणीला या, माणूस कमी हाय. आत आली नाही, बसली नाही. सलोमीबाई तडक माझ्याकडे आल्या. "बाई, तुमी बी चला. मला एकटीला धीर न्हाई." मी कात्री हातात धरल्यावर वेलीपेक्षा बोटंच जास्त छाटली जातील, असं मी सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, मग काड्या गोळा करा.

मी सकाळभर काड्या गोळा केल्या. सलोमीबाई एका ओळीत, समीक्षा शेजारच्या ओळीत, दोघींच्या कात्र्या कटकट चालल्या होत्या आणि बोलणं शून्य. आशिष बागेच्या पार पलीकडच्या टोकाला होता. त्याने आल्यापासून इकडे बघितलं नव्हतं. दुपारी आम्ही लिंबाखाली आलो. समीक्षाने भाकरीचं गाठोडं सोडलं, पण वाढलं नाही. ती उठून सलोमीबाईंच्या समोर उभी राहिली. सलोमीबाई बसणार होत्या, त्याही तशाच उभ्या राहिल्या.

"मोठी आई, त्या दिवशी तुमी जागी हुतासा," समीक्षा म्हणाली. शब्द पाठ केल्यासारखे नीट येत होते. "ताप न्हवता. पडद्याची गाठ सोडलीसा आन परत बांधलीसा. आमचं वाईट व्हावं म्हणून बांधलीसा. मुद्दाम केलंसा. आन मी तुमास्नी माफ केलंय. रोज म्हणून बघत हुते, न्हवतं जमत. आज पहाटं जमलं."

मला वाटलं सलोमीबाई आता रडतील, किंवा तिला जवळ घेतील. मीच पदर शोधत होते. सलोमीबाई म्हणाल्या, "पुन्यांदा म्हण."

"माफ केलंय तुमास्नी."

"न्हाई. पहिल्यापासनं म्हण."

समीक्षाने माझ्याकडे पाहिलं. मला काय कळणार होतं? पण मग तिलाच काहीतरी उमजलं. सलोमीबाईंनी डोक्यावर पदर घेतला, चर्चमध्ये प्रार्थनेला घेतात तसा कपाळापर्यंत, आणि समीक्षाने सगळं पहिल्यापासून परत म्हटलं, एकही शब्द न गाळता, जागी हुतासा, गाठ बांधलीसा, मुद्दाम केलंसा, माफ केलंय. या खेपेला मोठ्याने. पलीकडच्या ओळीतली आशिषची कात्री थांबली. मी इतकी वर्षं चर्चमध्ये बसते आहे, पाळकाच्या घरात राहते आहे. पण क्षमेचं इतकं पुरं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या वेळी तिथे असल्याबद्दल देवाचे मी किती उपकार मानले ते माझं मलाच माहीत.

थोड्या वेळाने आशिषची कात्री पुन्हा सुरू झाली. तो आला नाही. सलोमीबाईंनी त्याला हाक मारली नाही. त्याचं त्याला जमेल तेव्हा, असं त्या नंतर मला म्हणाल्या, आणि न जमलं तरी त्याचा हक्क आहे. त्या मातीत खाली बसल्या. समीक्षाने गाठोड्यातली भाकरी मोडून अर्धी पुढे केली, आणि सलोमीबाईंनी ती दोन्ही हातांची ओंजळ करून घेतली.